खंदकाच्या काठावरचा रणगाडा

रणगाडा खंदकाला भिडला की पुढे काय होतं, याचं उत्तर बहुतेक नियमावल्या फार घाईने देतात. चिलखताचा आकडा घ्या, खंदकातल्यांना आडोशाचे गुण द्या, फासे टाका. आकडा मोठा पडला की खंदक रणगाड्याचा. प्रतिकृती मांडून युद्धखेळ खेळताना आणि त्यांचे नियम लिहिताना मला ही जागा कायम खटकत आली आहे. सप्टेंबर 1916 मध्ये सोमच्या लढाईत रणगाडे पहिल्यांदा उतरले. खंदक ओलांडायची नीट कवायत बसायला त्यानंतर वर्षाहून अधिक काळ गेला. इतकं शिकून मिळवलेलं एका फाशात उरकायचं?

ती कवायत पाहायची तर कांब्रेची लढाई मांडावी. 20 नोव्हेंबर 1917, उत्तर फ्रान्स. ब्रिटिशांनी 476 रणगाडे आणले होते, त्यांतले 378 प्रत्यक्ष लढणारे. समोर जर्मनांची हिंडेनबर्ग रेषा: काटेरी तारांचे रुंद पट्टे आणि त्यामागे मुद्दाम रुंद खणलेले खंदक. मार्क फोर रणगाडा साधारण तीन मीटरचा चर पार करी. त्याहून रुंद चरात नाक खुपसून बसे. म्हणून रणगाड्यांच्या टपावर काटक्यांची दीड टनाहून जड मोळी साखळ्यांनी आवळून दिली होती. ब्रिटिश रणगाडा दलातले अधिकारी फुलर यांनी आखलेल्या कवायतीत तीन रणगाड्यांची एक तुकडी असे. पहिला तारा चिरडत खंदकापर्यंत जाई, पण ओलांडत नसे. तो डावीकडे वळून काठाकाठाने खंदकात मारा करी. दुसरा आपली मोळी खंदकात टाकून पलीकडे उतरे आणि तोही डावीकडे वळे. तिसरा त्याच मोळीवरून पार होऊन आपली मोळी पुढच्या खंदकासाठी राखून ठेवी. मागोमाग पायदळ.

आमच्या टेबलावर ही मोळी खराट्याच्या हिरांची असते. तीन-तीन सेंटिमीटरचे तुकडे कापायचे, दोऱ्याने दोन जागी आवळायचे, तपकिरी रंगाचा पातळ हात द्यायचा. प्रतिकृती एकास शंभर या मापाच्या, म्हणजे रणगाडा जेमतेम आठ सेंटिमीटर. त्यावर ही मोळी बरोबर शोभते. नियम साधा आहे. मोळी एकदाच टाकता येते आणि टाकली की तिथेच राहते. मोळीशिवाय रुंद खंदकात शिरणाऱ्याने फासा टाकायचा. एक किंवा दोन पडला की रणगाडा अडकला. एवढ्यानेच हल्ला करणारा खेळाडू पटाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतो. कुठली मोळी कुठे खर्च करायची, हा त्याचा पहिला खरा निर्णय.

दुसरी गोष्ट आतल्या माणसांची. मार्क फोरमध्ये आठ जण असत आणि त्यांतल्या चौघांचे हात नुसता रणगाडा हाकण्यात गुंतलेले. मधोमध उघडं इंजिन, उष्णता, धूर, आणि आवाज इतका की हुकूम हाताच्या खुणांनी द्यायचे. बाहेरचं जग अरुंद फटींतून दिसेल तेवढंच. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयातल्या पुढच्या काळातल्या गाड्यांच्या फटींकडे पाहिलं तरी कळतं की अगदी जवळचा माणूस यातून दिसणार नाही. म्हणून आमच्या नियमांत वळणाऱ्या रणगाड्याचा मारा त्या पाळीपुरता निम्मा होतो, आणि काठाला लागून असलेल्या शिपायावर त्याला नेमच धरता येत नाही.

आता खंदकातल्यांकडे येऊ. रणगाडा भिडण्याआधी ते धीराचा फासा टाकतात. समोरची तार चिरडली गेली असेल, एकापेक्षा जास्त रणगाडे येत असतील तर गुण वजा. अधिकारी जवळ असेल तर अधिक. फासा हरला तरी आम्ही त्यांना पटावरून उचलत नाही. ते दबून बसतात, गोळीबार थांबतो. खोल खंदकात दबलेला माणूस जिवंत असतो, हे विसरणारा नियम मला खोटा वाटतो. त्या पाळीत किंवा पुढच्या पाळीत हल्लेखोरांचं पायदळ पोचलं तर खंदक बहुधा पडतो. नाही पोचलं तर दबलेले उठतात, हातबॉम्बच्या जुड्या घेऊन आंधळ्या रणगाड्याला बगलेने गाठतात. डावाचा सगळा ताण या मधल्या पाळीत साठतो.

कांब्रेच्याच लढाईत फ्लेस्किएर गावाच्या टेकाडावर हेच घडलं, असं पुष्कळ वर्षं सांगितलं गेलं. तिथे 51व्या हायलँड डिव्हिजनचे सेनापती हार्पर यांनी पायदळ रणगाड्यांपासून लांब ठेवलं, म्हणून हल्ला फसला, हा फुलर यांच्या बाजूचा दावा. नंतरच्या अभ्यासकांनी टेकाडामागच्या जर्मन तोफांकडे बोट दाखवलं: समोरच्या 54व्या डिव्हिजनच्या तोफखान्याला रणगाड्यांवर मारा करण्याचा सराव होता, आणि माथ्यावर येणारा प्रत्येक रणगाडा त्यांना जवळून, सावकाश मिळत होता. पहिल्या दिवशी ब्रिटिशांचे 179 रणगाडे निकामी झाले; तोफांनी 65 टिपले, बाकीचे बिघडले किंवा रुतले. गाव त्या दिवशी हाती आलं नाही. रात्री जर्मन मागे सरले आणि सकाळी ते मिळालं. मला नियमांकडून इतकंच हवं असतं की ही दोन्ही कारणं पटावर स्वतंत्रपणे घडू शकावीत. हार्पर यांची चूक नियमात आधीच लिहून ठेवली तर खेळाडूला तपासायला काही उरत नाही.

कुणी ही लढाई मांडणार असाल तर दोन विनंत्या. मांडणी सोपी व्हावी म्हणून फ्लेस्किएरचं टेकाड सपाट करू नका. आणि डाव लवकर संपावा म्हणून रणगाड्यांची चाल वाढवू नका. मार्क फोरचा जास्तीत जास्त वेग ताशी साडेसहा किलोमीटरच्या आतच होता. भरभर चालणारा शिपाई त्याच्या बरोबरीने जाऊ शकत होता.