नांगराचा फाळ आणि छापील पान

मराठीच्या अभ्यासात एखाद्या कारखान्याचा इतिहास कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. कंपनीचा इतिहास म्हटला की भांडवल आणि नफा हेच शब्द आठवतात. मला मात्र किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराची कथा नेहमीच विश्वासाची कथा वाटत आली आहे; आणि विश्वास संपादन करू पाहणाऱ्याला अखेर भाषेकडे यावेच लागते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. परंतु दृष्टीतील रंगदोषामुळे ती वाट सोडून त्यांना यांत्रिक रेखाटनाकडे वळावे लागले. पुढे बेळगावात बंधू रामूअण्णांसह त्यांनी सायकलींचे दुकान चालविले. त्यानंतर कडबा कापण्याची यंत्रे आली आणि मग लोखंडी नांगर.

हा नांगर जमीन खोलवर उलथी. पण तो कोणी घेईना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत होती. पहिला नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली, असे सांगतात. अशा वेळी शेतकऱ्याला अडाणी ठरवून आपण मोकळे होतो. मला तो त्याच्यावर अन्याय वाटतो. ज्याचे वर्षाचे अन्न एका हंगामावर अवलंबून, त्याने अनोळखी वस्तूवर सहजी भरवसा का ठेवावा? लाकडी नांगर गावचा सुतार घडवी आणि मोडला तर तोच सांधून देई. लोखंडी नांगरामागे असा ओळखीचा चेहरा नव्हता. नांगराबरोबर किर्लोस्करांना हे नातेही घडवावे लागले.

बेळगावची जागा सोडण्याची वेळ आली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची माळरानाची जमीन देऊ केली. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात कच्च्या लोखंडाची टंचाई झाली, तेव्हा छत्रपती शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळविण्यासाठी दिल्या. तोफेच्या धातूचा फाळ झाला, ही घटना मला कोणत्याही रूपकाहून मोठी वाटते.

किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली ते साल १९२०. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र सुरू केले. मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचविणे हा त्याचा आरंभीचा हेतू. पण वाचकाशी बोलणे सुरू झाले की ते केवळ नांगरापुरते कसे राहील? पत्राचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे त्याला मिळाली. भट्टीच्या शेजारी छपाईचे यंत्र चालू लागले आणि मराठी मध्यमवर्गाच्या घरात कथा, विज्ञान, समाजसुधारणा यांची चर्चा पोहोचली. वाङ्मयाच्या इतिहासात या मासिकांना स्थान मिळते. ज्या ओतशाळेच्या आश्रयाने ती वाढली, तिचा उल्लेख मात्र ओझरता होतो.

आपल्यापैकी कित्येक जण दिवसभर कामावर राबून रात्री ही पुस्तिका उघडत असतील. मराठी शिकून व्यवहारात काय उपयोग, असे कोणी तरी त्यांना विचारलेही असेल. त्यांना माझे सांगणे एवढेच, की एका कारखान्याला आपला माल लोकांच्या शेतापर्यंत नेताना मराठीची गरज भासली होती. आपण जेथे काम करता, तेथील हत्यारांची नावे, कामगारांची बोली, फलकावरच्या सूचना एकदा लिहून काढा. त्या नोंदी अभ्यासक्रमाबाहेरच्या आहेत, असे समजू नका.