खोडरबर

आमच्या हिच्या मते या घरात दोनच वस्तू कधी धड चालत नाहीत. एक माझी आगगाडी आणि दुसरी, मी ‘दुरुस्त’ केलेला कोणाचाही कॉम्प्युटर. हा सरळ सरळ आरोप आहे. माझी आगगाडी मधूनमधून चालते.

हे खूळ नातवामुळे लागलं. पुण्यात कर्वे रस्त्याजवळ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, 1998 मध्ये सुरू झालेलं. ते त्याला दाखवायला गेलो. तो दहा मिनिटांत भेळ मागू लागला. मला मात्र ओढून बाहेर काढावं लागलं. महिन्याभरात दिवाणखान्यात सहा बाय चारचा प्लायवूड आला. सगळं खऱ्याच्या 87 पट लहान, दोन रुळांत अंतर साडेसोळा मिलिमीटर. रुळांवर झुरळ बसलं तरी गाड्या उशिरा धावतात.

खालच्या मजल्यावरचे काका रेल्वेत गार्ड होते. रोज चहाच्या वेळेला येऊन माझ्या रेल्वेचं इन्स्पेक्शन करायचे. “अहो, खंडाळ्याच्या घाटात चढ 37 फुटांना एक फूट. त्यालासुद्धा कर्जतला मागून बँकर इंजिनं जोडतात. तुम्ही दहाला एक दिलाय! इंजिनाला काय शिडी लावणार?” मी चढच काढून टाकला. तरी गाडी बोगद्यापाशी हटकून थांबायची. “रूळ पुसा,” काका म्हणायचे. गाडीला बारा व्होल्टची वीज रुळांतूनच मिळते. रूळ काळवंडले की इंजिन उपाशी. त्यावर रामबाण उपाय म्हणजे खोडरबर. नातवाचं.

काका गेल्या वर्षी गेले.

परवा काकू त्यांचा कॉम्प्युटर घेऊन वर आल्या. “यात ह्यांनी आठवणी लिहिल्यात म्हणे. मला कधी दाखवल्या नाहीत. आता चालू केला की नुसता पीं पीं करतो. दुकानवाला म्हणाला, टाकून द्या.”

हिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की एरवी मी पेचकस ठेवून फिरायला गेलो असतो. माझा लौकिक काय सांगू? मी झाकण लावलं की दोन-तीन स्क्रू उरतात. ते मी बक्षिसी समजतो. पण त्या दिवशी एकेक स्क्रू वर्तमानपत्रावर ओळीनं मांडला, आणि हात चक्क थरथरत होता. धूळ पुसली. पीं पीं. वायरी दाबून पाहिल्या. पीं पीं. काकू काही बोलत नव्हत्या, त्याचीच जास्त भीती वाटत होती.

वीज बंद करून मेमरीची पट्टी उपसली. तिचे सोनेरी दात पार काळवंडले होते. थेट बोगद्यापाशी रूळ काळे पडतात तसे.

रूळ पुसा!

खोडरबर घेऊन दोन्ही बाजूंनी हलकेच घासलं, पट्टी परत बसवली, बटण दाबलं. पीं नाही. पडदा उजळला.

काकूंनी चष्मा लावला. मी उगीचच खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. बऱ्याच वेळानं त्या एकदम हसल्या आणि पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, “तुमच्याबद्दलही आहे हो.”

वाकून पाहिलं. ‘वरच्यांची गाडी आज बोगद्यापाशी सतरा मिनिटं उभी. कारण : मालक चहात मग्न.’

“आबा, माझं रबर कुठंय?” आतून नातू ओरडला. दुसऱ्या दिवशी त्याचा चित्रकलेचा पेपर होता, आणि माझ्या मुठीत हरभऱ्याएवढा एक काळा गोळा होता.