चिंगीचा भादवा

2025 च्या महाशिवरात्रीला सकाळी शटर उघडायला गेलो, तर पायरीशी युरियाचं पोतं हलत होतं. सुलतानपूर फाट्यावर माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे. पोत्यात पाच पिल्लं निघाली, पाचही माद्या. नर लोक ठेवून घेतात, माद्या फाट्यावर येतात. तीन कुणीकुणी नेल्या, एक दुसऱ्याच दिवशी ट्रकखाली गेली. उरलेली आमच्या घरी आली, ती चिंगी.

पहिली लस टोचतानाच डॉक्टर म्हणाले होते, "सहा महिन्यांची झाली की ऑपरेशन उरकून घ्या. पहिला माज यायच्या आत." म्हणजे जुलै. आणि जून-जुलैत बियाणं, खत, तणनाशक यांच्या गर्दीत आम्हाला पाणी प्यायला सवड नसते. शिवाय आईचा विरोध. "तिले एक डाव पिल्लं होऊ दे. मंग कर काय करायचं ते." एक वेत झाल्याशिवाय मादीची तब्येत सुधारत नाही, असं आमच्याकडे सगळेच मानतात. डॉक्टरांच्या मते याला काडीचा आधार नाही.

मीही रात्री मोबाईलवर वाचत बसायचो आणि वाचून जास्तच घोटाळ्यात पडायचो. 1969 सालचा एक अमेरिकन अभ्यास सांगतो, की पहिल्या माजाआधी ऑपरेशन केलं तर स्तनांच्या गाठींचा धोका न केलेल्या मादीच्या अर्ध्या टक्क्यावर येतो, एका माजानंतर केलं तर आठ टक्के, दोनानंतर सव्वीस. पुढे 2012 मध्ये अशा सगळ्या अभ्यासांची छाननी झाली, तेव्हा हा पुरावा वाटतो तेवढा भक्कम नाही असं निघालं. दुसरीकडे कॅलिफोर्नियातल्या संशोधकांना गोल्डन रिट्रीव्हरसारख्या मोठ्या कुत्र्यांत लवकर ऑपरेशन केल्यावर सांध्यांची दुखणी जास्त दिसली. वीस किलोच्या आतल्या मिश्र जातीच्या कुत्र्यांत मात्र ती वाढ दिसली नाही. चिंगी भरली चौदा किलो. म्हणजे सांध्यांची काळजी आमची नव्हतीच. आमच्यापुढे प्रश्न होता भाद्रपदाचा, आणि तो अमेरिकेतल्या कागदात कुठे असणार?

"सोयाबीनची फवारणी आटोपली की अकोल्याला नेतो," असं मी म्हणत राहिलो. ऑगस्टमध्ये दिल्लीच्या मोकाट कुत्र्यांवर सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आले. आधी सगळी उचला म्हणाले, मग 22 तारखेला नसबंदी आणि लसीकरण करून पुन्हा सोडा म्हणाले. माझ्या काउंटरवर त्यावर रोज वाद. मी मोठ्या तोंडानं नसबंदीची बाजू घ्यायचो आणि घरची कुत्री तशीच होती.

गणपती बसले आणि फरशीवर रक्ताचे थेंब दिसले. आई पुसता पुसता म्हणाली, "लागला तिले भादवा."

पुढचे तीन आठवडे आम्ही नजरकैदेत होतो. रक्त पडतं ते पहिले आठ-दहा दिवस ती नराला जवळ येऊ देत नाही. खरा धोका नंतर, रक्त फिकं पडल्यावर. शेपटी एका बाजूला धरून उभी राहायला लागली, की डोळ्यांत तेल घालून जपायचं. फाटकाशी रात्री सात-आठ कुत्री. एकानं कुंपणाखाली हात-दीड हात उकरलं, तिथे मी फरशीचे तुकडे ठोकले. तिला बाहेर न्यायचं ते दोरीनं, हातात काठी घेऊन, पहाटे चारला.

निभावलं. लगेच ऑपरेशन करावं म्हटलं तर डॉक्टर म्हणाले, आता पिशवीला रक्तपुरवठा वाढलेला असतो, दोन-तीन महिने थांबा.

दिवाळी झाली, सोयाबीन घरात आलं, आणि चिंगीनं आईची एक रबरी चप्पल पळवली. पायऱ्यांखाली पोतं उकरून तिनं गादी केली होती. चप्पल पोटाशी धरून बसायची. मी हात घातला तर गुरगुरली, माझ्यावर पहिल्यांदाच. पोट पाहिलं तर आचळं तट्ट, दाबल्यावर दुधाचा थेंब. माझ्या पोटात गोळा आला. नक्की कुठली तरी पहाट चुकली होती! पण सोनोग्राफीत पिशवी रिकामी निघाली. माजानंतर दोनेक महिन्यांनी, नर न लागताही, मादीचं शरीर असं व्याल्यासारखं वागतं. खोटं गाभण म्हणतात त्याला. या अवस्थेत ऑपरेशन केलं तर दूध लांबतं, म्हणून पुन्हा थांबा.

चप्पल ओढून घ्यावी असं माझं मत होतं. आई नको म्हणाली. आठवडाभर ती दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून वावरली, एक तिची, एक माझी. एका संध्याकाळी पायरीवर बसून, चिंगीकडे बघत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "माही पिशवी काढली तवा मले कोणी इचारलं नोतं." मी गप्प. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "दूध आटलं की ने इले. दर साली हे असं नको."

संक्रांतीनंतर नेलं. मेहकर, मालेगाव, पातूर करत अकोला, शंभराच्या वर किलोमीटर. आदल्या रात्रीपासून उपाशी असल्यानं ती वाटेत ओकली नाही, तेवढं बरं. तिथल्या पशुवैद्यक संस्थेच्या दवाखान्यात तिच्या पोटावरचे केस काढले, दोन बोटांएवढी चीर घेतली. नंतर मला ट्रेमध्ये दाखवलं: दोन लांब फाटे आणि खाली दांडा, अगदी पोरांच्या बेचकीसारखं, टोकांना शेंगदाण्याएवढी बीजांडं. एवढ्याशा त्या बेचकीसाठी मी भादवाभर पहाटे चारला उठलो होतो.

परतताना ती मागच्या सीटवर, माझ्या जुन्या बनियनमध्ये. टाके चाटू नयेत म्हणून बालदीचं बूड कापून ती गळ्यात अडकवली, ती तिनं दुसऱ्याच दिवशी भिंतीवर आपटून फोडली. मग बनियनच ठेवलं, पाठीवर गाठ मारून.

बाराव्या दिवशी टाके निघाले. त्याच दुपारी तिनं आईची दुसरी चप्पल पळवली आणि पट्ट्यासकट चावून टाकली.