खजुराहो माझं माहेर नाही

माझी मैत्रीण मला दर आठवड्याला एक तरी रील पाठवते. कधी खजुराहोची शिल्पं, कधी शिखंडीची गोष्ट. सगळ्यांचा सूर एकच: आपण मुळात मोकळे होतो, इंग्रजांनी आपल्याला बिघडवलं.

मैत्रीण हा शब्द इथे अपुरा आहे, पण सध्या तोच वापरते. ती तीन वर्षांपासून सिएटलला नोकरी करते. आम्ही दोघी नागपूरच्या. ती धरमपेठेतली, मी इंदोऱ्यातली. नागपूरकरांना एवढं सांगितलं की आडनावं सांगायची गरज उरत नाही.

रील खोटं नाही. कलम ३७७ इंग्रजांनीच १८६० च्या दंड संहितेत घातलं. असाच कायदा त्यांनी सिंगापूरपासून युगांडापर्यंत नेला. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून मोकळं केलं, त्या संध्याकाळी आम्ही फुटाळ्याच्या काठावर मक्याचं कणीस खात बसलो होतो. आपण आता गुन्हेगार नाही, हे ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

तिला ते रील का लागतं, हेही मला कळतं. तिकडे ती ‘ब्राऊन’ आहे. ‘तुमच्याकडे तर हे चालतच नसेल ना?’ असं कुणी दयेने विचारलं की आपल्या देशाची बाजू घ्यावीशी वाटणारच.

पण कायदा गेला तरी बायोडेटा गेला नाही. त्यात जात आहे, पोटजात आहे, रंगाच्या रकान्यात ‘गोरा’ आहे. हा कागद कुठल्या व्हाइसरॉयने छापून दिला नव्हता. १९१६ मध्ये, वयाच्या पंचविशीत, बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात जातीवर निबंध वाचला. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून, आणि त्यासाठी बाईवर ताबा ठेवावा लागतो, असं त्यांनी मांडलं. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह ही त्याच ताब्याची साधनं. ते वाचताना मला आमचं दोघींचं काय चुकतंय ते समजलं. आमच्यामुळे कुणाचं काही बिघडत नाही, फक्त हा हिशेब जुळत नाही. मुलगी मुलीसोबत राहायला लागली, तीही दुसऱ्या जातीतल्या, तर वंशावळ कशी लिहायची?

आजी मला विचारते, ‘काहून वं, लगन काहून नाही करत?’ तिला उत्तर द्यायला मला खजुराहो उपयोगी पडत नाही. आमचे पूर्वज त्या देवळांच्या आत तरी गेले असते का? मला उपयोगी पडतं ते जुलै १९४२ चं नागपूर. इथे दलित महिला परिषद भरली होती, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. हजारो बाया जमल्या. बाईला घटस्फोटाचा हक्क हवा, एकाहून जास्त बायका करणं बंद व्हावं, असे ठराव तिथे झाले. पोरांच्या लग्नाची घाई करू नका, बायकोने नवऱ्याची दासी नव्हे तर बरोबरीची मैत्रीण व्हावं, असं बाबासाहेबांनी त्या बायांना सांगितलं. आमच्यासारख्या दोघींचा विचार तिथे कुणी केला नसेल. पण लग्नाला प्रश्न विचारायचा हक्क मला मिळाला तो याच गावात, आजीच्या आधीच्या बायांकडून.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटलने जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. अशा कायद्यांना विरोध करणाऱ्यांपैकी काहींचं म्हणणं होतं की जात हीसुद्धा इंग्रजांनीच घडवलेली गोष्ट आहे. म्हणजे रीलमधलंच वाक्य. आम्हा दोघींना निर्दोष ठरवणारं वाक्य मला एकटीला गप्प बसवायलाही कामी येतं.

हे मला उगाच सुचलेलं नाही. मागच्या गणपतीत तिने तिथल्या मराठी मित्रमैत्रिणींशी व्हिडिओ कॉलवर माझी ओळख करून दिली. ‘ही माझी पार्टनर,’ असं ती सरळ म्हणाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग कुणीतरी विचारलं, ‘आडनाव काय?’ तिने पटकन विषय मोदकांवर नेला. आपलं मुलीवर प्रेम आहे हे तिने सांगितलं, पण ती मुलगी कोण हे नाही.

१७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. त्यामुळे आमच्या नात्याचा कुठलाही कागद नाही. आहे ती फक्त चार लोकांत करून दिलेली ओळख. ती पुढच्या महिन्यात येतेय. मी तिला लिहिलं, की दीक्षाभूमीवर सोबत जाऊ, मग आजीकडे जेवायला. आणि यापुढे जिथे माझं नाव घेशील तिथे आडनावासकट घे.

मेसेज तिने वाचलाय. उत्तर अजून यायचंय.