जवाएवढा शंख

धान्याच्या पेढीवर चाळणीचे मोल सांगावे लागत नाही. पॅरिसजवळच्या ग्रीन्यों येथील वाळूतही चाळणीच कामाला येते. मात्र तीत उरतात ते दाणे नव्हेत, तर सुमारे साडेचार कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातील शंख. त्यांतील कित्येक मोहरीएवढेच असतात.

जैन शास्त्रांनी शंखाची गणना द्वींद्रिय जीवांत केली आहे. स्पर्श आणि रस एवढीच त्याची इंद्रिये. ग्रीन्योंच्या शंखांतला जीव केव्हाच निघून गेला, उरले ते रिकामे घर. तरीही ते जपूनच उचलावे लागते, ओल्या कुंचल्याच्या टोकाने. मग भिंगाखाली वेढे मोजायचे. शेंड्याचा पहिला वेढा फार बोलका असतो. तो अळीच्या अवस्थेतला. त्यावरून ते पिल्लू प्रवाहात तरंगत वाढले की तळाशीच, याचा अंदाज बांधता येतो. कधी एवढ्याशा भेदावरूनही नवी जाती ठरते.

या वाळूतील शंखांना नावे देणाऱ्यांत अग्रणी होते लामार्क. 1793 मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, या वनस्पतितज्ज्ञाकडे किडे आणि कृमी यांचे अध्यापन आले. ज्यांच्याकडे इतर विद्वान वळून पाहत नसत, अशा जीवांचे ते खाते! त्यांनी ते मनापासून सांभाळले. 1802 पासून पॅरिस परिसरातील जीवाश्म शंखांची वर्णने ते प्रसिद्ध करीत गेले. एका इवल्या शंखाला त्यांनी जवाच्या दाण्यावरून नाव दिले.

पुढे त्यांची दृष्टी गेली. अपृष्ठवंशी प्राण्यांवरील त्यांच्या महाग्रंथाचे शेवटचे खंड अजून व्हायचे होते, आणि शंखांचा भाग नेमका त्यांतच होता. केसाएवढ्या रेघांवर ज्याची विद्या उभी, त्याला आता रेघ दिसेना. ते सांगत, मुलगी लिहून घेई. 1822 मध्ये ग्रंथ पुरा झाला. त्या लेकीच्या श्रमांचा उल्लेख मात्र क्वचितच होतो.

1829 मध्ये लामार्क दारिद्र्यातच वारले. कायमची कबरही त्यांना लाभली नाही. संग्रह विकला गेला, हातोहात फिरला आणि अखेर जिनिव्हाच्या संग्रहालयात स्थिरावला.

आजच्या नियमानुसार नव्या जातीचे नाव देताना एक नमुना प्रमाण म्हणून नेमावा लागतो. पुढे कुणालाही वर्णन त्याच्याशी ताडून पाहता यावे. पण त्याआधी जुनी नावे तपासायची असतात. ग्रीन्योंच्या वाळूत नवा शंख गवसला असे ज्याला वाटते, त्याला प्रथम त्या आंधळ्या म्हाताऱ्याच्या डब्या उघडाव्या लागतात.