स्कौरी ते लॅक्सफर्ड

स्कॉटलंडच्या वायव्य टोकाला स्कौरी नावाचं लहानसं गाव आहे. अटलांटिकचा वारा, मेंढ्या, तुरळक झाडं आणि जिकडे तिकडे उघडा खडक. साडेसहा कोटी वर्षांच्या काळ्या पाषाणावर वाढलेल्या मला इथल्या करड्या पट्टिताश्माचं वय झेपायला वेळ लागला : सुमारे ३०० कोटी वर्षं!

गावाजवळ किनाऱ्यावर उतरले. हा खडक पृथ्वीच्या पोटात एवढा तापला की त्यातलं पाणीसुद्धा निघून गेलं; म्हणून त्यात पायरोक्सीनसारखी कोरडी खनिजं. त्याच्या पट्ट्यांना छेदत एक काळी डाइक जाते. धुळे-नंदुरबारकडच्या माळावरच्या दगडी भिंती ज्यांनी पाहिल्यात, त्यांना ती लगेच ओळखू येईल. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी भेगेत घुसून थिजलेला हा शिलारस. मी तिच्या कडेवरून बोट फिरवलं. कड सरळ, धारदार. करडं कुठे संपतं आणि काळं कुठे सुरू होतं, हे डोळे मिटूनही कळावं.

स्कौरीहून रस्त्याने दहा-बारा किलोमीटरवर लॅक्सफर्डचा पूल. तो ओलांडून थोडं पुढे गेलं की रस्त्यासाठी फोडलेला कडा लागतो. करड्या पट्टिताश्मात काळे पट्टे आणि त्यांतून घुसलेला गुलाबी ग्रॅनाइट. हे काळे पट्टे स्कौरीच्याच पिढीच्या डाइक समजले जातात. पण इथे त्या काहीच छेदत नाहीत. १९० ते १७० कोटी वर्षांच्या दरम्यानच्या गिरिजननात त्या ताणल्या गेल्या, दुमडल्या, शेजारच्या पट्ट्यांना समांतर झाल्या. भिंग लावलं तर पायरोक्सीन नाहीच. त्याच्या जागी हॉर्नब्लेंडचे चकाकते काळे स्फटिक. हॉर्नब्लेंड बनायला पाणी लागतं. पाणी जिथे मुरलं तिथे खडकाने नवं रूप घेतलं, स्कौरीचा कोरडा गाभा मात्र बराचसा जुनाच राहिला.

जॉन सटन आणि जॅनेट वॉटसन या दांपत्याने १९५१ मध्ये हा उलगडा मांडला, तेव्हा या खडकांचं किरणोत्सारी कालमापन व्हायचंच होतं. डाइकने छेदलेलं ते आधीचं, डाइकलाही मुरगळणारं ते नंतरचं. एवढ्याच आधारावर त्यांनी दोन गिरिजननं वेगळी काढली. कालमापनाच्या उपकरणांविना, केवळ पायपीट आणि निरीक्षण यांवर केलेलं असं काम मला फार मोठं वाटतं. (वॉटसन पुढे १९८२ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या.) नंतर खडकांतल्या जिरकॉन या खनिजाची वयं हाती आली, आणि लॅक्सफर्डच्या दोन बाजू मुळात वेगळे भूखंड असावेत, असंही काहींनी मांडलं. तो वाद अजून मिटलेला नाही.

पूर्वेला आर्कल डोंगराचा पांढुरका क्वार्ट्झाइट दिसत होता. त्या बाजूला सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वी आणखी एक गिरिजनन झालं. त्याने हाच पट्टिताश्म उचलून कितीतरी तरुण क्वार्ट्झाइटवर चढवला. तो सांधा एरिबॉलला उघडा पडलाय, म्हणून गाडी तिकडे वळवली.