शिक्षण किती झाले?

गेल्या वर्षी कोल्हापुरातल्या एका व्याख्यानानंतर आम्ही प्रश्न विचारायला उभे राहिलो. विषय वेदोक्त प्रकरणाचा होता. वक्ते म्हणाले, तो राजवाडा आणि पुरोहित यांच्यातला मानापमान होता. आम्ही एवढेच विचारले, की १८९९ साली पंचगंगेवर शाहू महाराजांना वेदोक्त मंत्र नाकारले ते शूद्र ठरवूनच ना? मग हा नुसता मानापमान कसा? उत्तर आले नाही, उलट प्रश्न आला, "आपण इतिहासाचे का?" आम्ही सांगितले, बी.कॉम. आहोत, कारकुनी करतो. वक्ते हसले, सभागृहही हसले. आम्ही खाली बसलो.

ही रीत जुनी आहे. पदवी नसली की पदवी विचारायची, असली की जात. १९१७ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठाचे एम.ए. होऊन बडोद्याला नोकरीवर गेले. तिथे शिपाई त्यांच्याकडे लांबून फायली फेकत आणि राहायला जागा मिळेना. तेव्हा पदवी कामाला आली नाही. १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा ग्रंथ आला, तेव्हा संस्कृतचा अधिकार विचारला जाणार हे त्यांनी ओळखले होते. प्रस्तावनेत त्यांनी ती उणीव सरळ मान्य केली. पण अनुवादांवरून वर्षानुवर्षे अभ्यास करणाऱ्याने बोलू का नये, असेही विचारले. उणीव लपवली नाही आणि हक्कही सोडला नाही.

हे सारे आम्ही घरी तावातावाने सांगितले. मुलांची आई भाकरी थापत ऐकत होती. म्हणाली, "आणि विहारात आत्यांना तुम्ही काय म्हणाला होता?"

आम्ही गप्प झालो. जयंतीचा हिशेब आम्ही वाचून दाखवत होतो. शाळेची पायरी न चढलेल्या आत्या म्हणाल्या, बायकांची वर्गणी कमी दिसतीया. आम्ही म्हणालो, "आत्या, हिशेबातलं तुम्हाला काय कळतंय? बी.कॉम. आम्ही आहोत." तेव्हाही सभा हसली होती. दोन दिवसांनी पावतीपुस्तक ताडून पाहिले, तर एक पान जमेला धरायचे राहिले होते. अकराशे रुपयांचा फरक. वही गुपचूप दुरुस्त केली. आत्यांना मात्र सांगितले नाही.

पुढच्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर उभे राहून सर्वांसमोर चूक सांगितली आणि आत्यांची माफी मागितली. आत्या म्हणाल्या, "मला वाचाय येत न्हाई बाबा, पर ती वर्गणी म्याच दारोदार फिरून गोळा केलीया."

केवळ सांगणारा आपला गुरू आहे म्हणून मानू नका, स्वतः पडताळून पाहा, असे तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले. मग सांगणारा अडाणी आहे म्हणून उडवून लावणे हे तरी धम्मात कसे बसेल? वाचकहो, शिक्षण हवेच. शिका, हा तर बाबासाहेबांचा पहिला आदेश. पण समोरच्याचे शिक्षण विचारण्याआधी शिकलेल्याने पावतीपुस्तक उघडून बघावे. जयभीम!